तांबड्याच्या पोटातली जागा

मित्रांनो, माझी गोष्ट मी भराभर सांगणार आहे. मला एका जागी उभं राहवत नाही, आणि एका जागी उभं राहूनच माझं निम्मं आयुष्य गेलं. मी एक जुना गाडा आहे. सुरतेत, कोसाडच्या वसाहतीत, इमारतीमागे पत्र्याच्या आडोशाला राहतो. माझं नाव तांबड्या. मला कुठल्या कारखान्यानं घडवलं नाही. धुडकूबाबांनी मला हातानं बनवलं.

धुडकूबाबा अमळनेरकडचे. तीस वर्षं ते मागाच्या शेडमध्ये मास्टर होते. मास्टर म्हणजे अडलेला माग पुन्हा चालता करणारा माणूस. दिवसभर मागांशी झटापट करून यायचे आणि सुट्टीच्या दिवशी माझ्यापाशी बसायचे. माझा सांगाडा भंगारातल्या एका जीपचा आहे. कागदावर तर मी अजून जीपच आहे. अंगाचा पत्रा सुरतेजवळच्या सचिन गावातल्या कारखान्यांच्या रिकाम्या पिंपांचा, नळ्या हजीऱ्याकडच्या भंगाराच्या. पुढचं झाकण त्यांनी मुद्दामच लावलं नाही. इंजिन उघडं, मागची चाकं पुढच्यापेक्षा रुंद, आणि वरून लालभडक रंग. त्यांचा मुलगा गजेंद्र मोबाईल दाखवत म्हणाला होता, "पप्पा, फॉरेनमा याले हॉट रॉड म्हणतस." जुनी गाडी कापायची, तिला मोठं इंजिन द्यायचं आणि पळवायची, असा तो प्रकार. पळवायची हा शब्द मी ऐकला आणि तेव्हापासून मला चैन पडलेली नाही.

नऊ वर्षं लागली मला तयार व्हायला. ज्या दिवशी पहिल्यांदा सुरू झालो, त्या दिवशी सगळी वसाहत खाली उतरली. पोरं माझ्याबरोबर फोटो काढत होती. मी नुसता गुरगुरलो तरी टाळ्या पडत होत्या. मी फुशारून गेलो होतो, ते कबूल करतो. सगळ्यात जास्त गर्व मला माझ्या पुढच्या पाटीचा होता. चकचकीत पत्र्याच्या त्या पाटीवर सात घड्याळं होती, वेगाचं, तेलाचं, उष्णतेचं आणि आणखी कसलीकसली. सातांतली पाच बंद होती. पण ते बघणाऱ्याला कुठं कळतं?

मग बाबांनी सुंदरामायला हाक मारली. ही त्यांची बायको. घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापायचं काम करते, आणि बोलणं कात्रीसारखं चालतं. ती आत बसली. माझ्या आत तेव्हा बाक होता तो उघड्या पत्र्याचा. पहिल्याच वळणावर तिची साडी कडेला अडकून टरकन फाटली. तापलेली नळी कोपराला लागली. पाच मिनिटांत ती खाली उतरली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "इंजन बसाडं, चाकं बसाडं. माणूस कोठे बसाडशात? मी आते या गाडामा पाय ठेवाव नही."

लोक हसले. बाबाही हसले, पण कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी पाहिल्या. मला तर रागच आला. मी पळण्यासाठी जन्मलो होतो, बसण्याचं काय घेऊन बसली ही बाई, असं मला वाटलं.

सुंदरामाय शब्दाची पक्की निघाली. खानदेशची माणसं सुरतेत कितीही वर्षं राहिली तरी श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरी कानबाई बसवतात. नारळाला नाकडोळे, नथ, दागिने लावून मांडलेली ती देवी. तिच्यासाठी रोट करतात, गोडाचा, सगळ्या भाऊबंदांनी मिळून पौर्णिमेआधी संपवायचा. रोट घराबाहेरच्याला देत नाहीत. एका वर्षी बाबांनी गमतीनं रोटाचा तुकडा आणून माझ्या इंजिनावर ठेवला. सुंदरामायनं तो लगेच उचलला. म्हणाली, "रोट घरनासले ऱ्हास. लोखंडले नही." मी लोखंड आहे हे खरंच आहे, तरी ते मला लागलं.

पुढे बाबांची नोकरी सुटली, गुडघे आणि उत्साह दोन्ही थकले. माझ्यावर ताडपत्री आली. माझ्या मागच्या उघड्या पत्र्यावर पोरांनी खडूनं तीन यष्ट्या काढल्या. चार वर्षं मी चेंडू खात उभा होतो. रस्त्यावरून गेलेली प्रत्येक गाडी मला आवाजावरून ओळखू यायची, आणि प्रत्येक वेळी माझी चाकं आतल्या आत शिवशिवायची.

यंदाच्या आषाढात मात्र एक गोष्ट घडली. सुंदरामायचा उजवा गुडघा पार आखडला. तीस वर्षं जमिनीवर मांडी घालून धागे कापले, त्याचा हा परिणाम. डॉक्टरांनी सांगितलं, लांब चालायचं नाही. आणि रविवारी बसलेल्या कानबाईला सोमवारी पाटासकट डोक्यावर घेऊन तापीवर न्यायचं काम लग्न होऊन आल्यापासून तिचं. नदीवर कानबाईला स्नान घालायचं आणि नारळ घेऊन परत यायचं. या कामात तिनं एक वर्ष चुकवलं नव्हतं. तिची जाऊ रंजना सरळ बोलून गेली, "वहिनी, यंदा कानबाईले मी लई जास. तुम्ही घर बठा."

बोलणारं माणूस गप्प झालं की घर कसं होतं, ते मला खिडकीखाली उभं राहून ऐकू येत होतं. गजेंद्रनं रिक्षा आणतो म्हटलं. त्यावर मात्र ती भडकली. "कानबाई भाडानी गाडीमा? तठे आधी कोणकोण बठेल व्हतं, तुले माहीत शे?"

मग बाबांचा आवाज आला. "मी तुले लई जासू. आपला तांबड्यामा."

"त्याना पोटमा माणूसनी जागाच नही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी ताडपत्री ओढली. हातात करवत, हातोडा आणि पेटी. मला वाटलं, आता इंजिन! पण बाबांनी इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही. दार उघडून ते आत शिरले आणि माझा बाक उपटून बाहेर टाकला. पंधरा दिवस मी पोटातून रिकामा होऊन उभा राहिलो. आतला गंज खरवडला, खाली लाकडी फळ्या आल्या, नळीवर जाड पट्टा गुंडाळला गेला. मी आतून कसा दिसतो याचा मी आयुष्यात विचार केला नव्हता. त्या दिवसांत लाज वाटली, खरं सांगतो.

आणि मग बाबांनी घोळ घातला. बैठकीला, छताला, दारांना लावायला त्यांनी जुन्या शेडमधून कापड आणलं. स्वतः चालू केलेल्या मागावरचं, पिळाच्या धाग्याचं, छान जाड कापड. सुरतेत याला ग्रे म्हणतात, म्हणजे मागावरून उतरलेलं, अजून मिलमध्ये धुऊन-रंगवून न निघालेलं. मागवाल्याच्या सवयीनं त्यांनी ते ताणून ताणून ठोकलं. बोट मारलं तर ढोलकीसारखं वाजत होतं. गुरुवारी काम संपलं, इंजिनालाही नवी बॅटरी आणि ताजं तेल मिळालं. मी तयार झालो. बाबा मला निरखत उभे राहिले, आणि मी मनातल्या मनात तापीपर्यंत पोचलोसुद्धा.

पण कानबाई यायच्या आधी घर धुऊन पुसून काढतात. शुक्रवारी बाबांनी विचार केला, गाड्यालाही आतून धुवावं. कापडावर मागाच्या तेलाचे डाग होतेच. बादलीभर कढत पाणी, साबण, आणि ब्रश. पहिल्यांदा छत कुरकुरलं. मग एकेक खिळा टण्णकन उडायला लागला. बैठकीची शिवण मधोमध उसवली. बाबा ब्रश हातात धरून बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांसमोर माझं सगळं आतलं कापड आक्रसून जागोजाग फाटलं.

गजेंद्र सचिनच्या मिलमध्ये रंगखात्यात आहे. तो पाळी संपवून आला आणि डोकं धरून बसला. "पप्पा, ये तो ग्रे है! बिना प्रोसेसनं कापड कोणी लावस का? गरम पाणी लागताच ते आखडसच ना!"

"मी कधी धुयेल कापड देखंच नही," बाबा हळूच म्हणाले. आणि ते खरं होतं. त्यांच्या हातून कापडाचे किती तागे गेले असतील, पण कापड मागावरून उतरलं की टेम्पोत जायचं. पुढे त्याचं काय होतं, हे बघायची वेळच आली नव्हती. ते माझ्या पायरीवर बसले. रविवार दोन दिवसांवर होता. माझ्याइतकं घायकुतीला आलेलं त्या वेळी वसाहतीत दुसरं कोणी नव्हतं.

जिन्यावर काठीचा आवाज आला. सुंदरामाय एकेक पायरी उतरत होती. तिनं आत डोकं घातलं, लोंबणारं छत पाहिलं, आणि हसायला लागली. इतकी हसली की काठी सुटली. "तीस वरीस कापड बनाडं, अन् धुईसन काय व्हस ते माहीत नही!" मग डोळे पुसून म्हणाली, "गजेंद्र, मना जुन्या साड्यासना गठ्ठा आन."

रोज नेसून विरलेल्या साड्या होत्या त्या. बाबा म्हणाले, या कशाला फाडतेस. ती म्हणाली, "शंभरदाव धुयेल शेतस. आते काय आखडी?"

शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवारची दुपार तिनं खुर्चीत बसून, पाय स्टुलावर ठेवून गोधडीचे टाके घातले. रंजना समोर बसून दुसऱ्या टोकानं शिवत होती. बाबा कापड ठोकायला लागले की ओरडा यायचा, "ढीलं सोडा. हाऊ माग नही. आठे माणूस बठी." बैठक वर उचलायला लावली. दाराची धार कापडानं मढवली. आणि मग ती बसून बघायला आत आली. उजवा पाय वाकत नव्हता. तो सरळ पुढे गेला आणि माझ्या सात घड्याळांच्या पाटीला अडला.

"काढा ती पाटी," ती म्हणाली. "माले घड्याळं देखानी नहीत. माले पाय ठेवाना शे."

मित्रांनो, बाबांनी माझ्याकडे पाहिलं. करवत लागली तेव्हा मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. चालू असलेली दोनच घड्याळं उरली. त्या मोकळ्या जागेत तिचा पाय लांब झाला, आणि तिच्या तोंडून एक सुस्कारा निघाला. मग तिनं रोटासाठीचे गहू मागवले आणि सूप मांडीवर घेऊन निवडत बसली. अर्धा तास झाला. गव्हातले खडे, रंजनाशी गप्पा, मधेच हसणं. आपण कुठे बसलो आहोत हे ती विसरून गेली होती. टाळ्या मला पुष्कळ मिळाल्या होत्या, पण इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

सोमवारी सकाळी कानबाई पाटासकट सुंदरामायच्या मांडीवर बसली आणि आम्ही निघालो. चार वर्षांनी रस्ता! मी एक डरकाळी फोडली. आणि बघतो तर काय, पुढे बाया. वाजंत्री, फुगड्या, दर दहा पावलांवर रिंगण. मला त्यांच्या मागून चालायचं होतं, मुंगीच्या चालीनं, वसाहतीपासून तापीपर्यंत. माझ्यासारख्याला पळणं सोपं आहे. हळू चालताना अंग तापतं. उष्णतेचा काटा चढायला लागला. बाबांच्या कपाळावर घाम आला, तरी पेडलवरचा पाय त्यांनी अलगद तोलून धरला. एक गचका बसला असता तर तिच्या गुडघ्यात कळ गेली असती आणि पाट कलंडला असता.

"हळू," सुंदरामाय म्हणाली. "बाया नाची राहिन्यात, दिसत नही का?"

काटा लाल रेघेला टेकला होता. सगळं आयुष्य मला हवं होतं ते उधळणं मी त्या दिवशी पोटात दाबून धरलं. गतिरोधक आला, तो मी श्वास रोखल्यासारखा ओलांडला. एकदाही बंद पडलो नाही. नदीवर पोचल्यावर गजेंद्र आणि रंजनानं हात दिला आणि सुंदरामायनं डोक्यावर पाट घेतला. शेवटची वीस पावलं ती स्वतःच्या पायांनी चालली. बाबा माझ्या चाकाला टेकून उभे होते आणि डोळ्यांत आलेलं पाणी पुसत नव्हते.

मित्रांनो, मी अजूनही उतावीळच आहे. आत्ताही कुणी चावी फिरवावी म्हणून वाट बघतोय. पण तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू असेल, तर तिला वरून रंग लावून थांबू नका. आत जिथं माणूस बसतं, झोपतं, टेकतं, तिथं हात फिरवून बघा. आणि ज्याला तिथं बसायचं आहे त्याला आधी विचारा, म्हणजे माझ्यासारखी चार वर्षं फुकट जाणार नाहीत.

परवा पौर्णिमेआधी रोट संपवायचा होता. सुंदरामाय काठी टेकत खाली आली. हातात वाटी होती. जिथं माझी पाच घड्याळं होती, त्या जागी तिनं रोटाचा एक तुकडा ठेवला आणि म्हणाली, "खाय रे तांबड्या. बाहेरनासले देत नही आम्ही."

मला तोंड नाही, हे तिलाही ठाऊक होतं. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग ती आत येऊन बसली, पाय लांब केला, आणि माझ्या वाटचा रोट माझ्या पोटात बसून खाल्ला.