ब्रेकच्या खुणा

बाईंच्या धाकट्या भावाच्या गाडीखाली गल्लीतली शिंपीण गेली, तेव्हा त्यानं पोलिसांना सांगितलं, "गाडी चाळीसच्याच वेगात होती. तीच अचानक आडवी आली." तसा जबाब झाला आणि प्रकरण थंड पडलं. बाई शाळेत भौतिकशास्त्र शिकवायच्या. रस्त्यावरच्या ब्रेकच्या लांबलचक काळ्या खुणा त्यांनी पाहिल्या होत्या आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. आईनं बजावलं होतं, "झाकली मूठ झाकलेलीच राहू दे."

मग वर्गात गतीची समीकरणं आली. हे प्रकरण गाळावं असं बाईंना फार वाटलं, पण परीक्षेत त्यावर प्रश्न हमखास यायचा.

"ब्रेक लागल्यावर वेग सारख्या दरानं कमी होतो असं धरा," बाई म्हणाल्या. "थांबायचं अंतर वेगाच्या वर्गावर ठरतं. वेग दुप्पट, तर अंतर चौपट."

शिंपिणीची मुलगी उभी राहिली. आई गेल्यापासून तिनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं.

"बाई, चाळीसच्या वेगातली गाडी किती अंतरात थांबते?"

"करकचून ब्रेक दाबला तर नऊएक मीटरमध्ये."

"खुणा छत्तीस मीटर होत्या. माझ्या मामानं टेपनं मोजल्या."

गाडी कुणाची होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि गणित इतकं सोपं, की मागच्या बाकांवरच्यांनाही सुटलं.

"रस्ता ओला असेल तर उत्तर बदलतं," बाई कशाबशा म्हणाल्या.

"रस्ता कोरडा होता, बाई. आईचं डोकं मांडीवर घेऊन मीच बसले होते तिथं."

शाळा सुटल्यावर बाई घरी न जाता थेट पोलीस चौकीत गेल्या. चाळीस नव्हे, ऐंशी, हे त्यांनी साहेबांना कागदावर मांडून दाखवलं आणि खाली सही केली.

भावाला शिक्षा झाली. नेताना तो एवढंच म्हणाला, "ताई, हेच गणित परीक्षेला तू माझ्याकडून घोकून घेतलं होतंस. मला तेव्हा ओ की ठो कळलं नव्हतं."

आई मावशीकडे राहायला गेली. "लेक नाही, वैरीण पोसली मी," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

शिंपिणीच्या मुलीनं बाईंकडे पुन्हा मान वर करून पाहिलं नाही. सहामाहीच्या पेपरात त्या समीकरणांचा प्रश्न तिनं कोरा सोडला. बाईंनी त्यापुढे शून्य लिहिलं आणि पुढचा पेपर ओढला.