सिरिल वुडॉलचा गळा

"हनुवटी जरा वर," म्हणत मेकअपवाल्या बाईंनी सिरिलच्या नाकावर पुन्हा पावडर फिरवली. "किती घाम येतोय तुम्हाला! आज गायचं थोडंच आहे? नुसते ओठ तर हलवायचेत."

"ते बी जमलं पायजे की," सिरिल म्हणाला.

बाई हसल्या. सिरिलने तोंड उघडलं की लंडनची माणसं हसायचीच. तो स्टोरब्रिजचा, काचेच्या भट्ट्यांच्या गावचा. तिथली बोली ओबडधोबड, आणि ती बदलावी असं त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्याच गल्लीतला क्लाइव्ह ग्रिंडल मात्र लंडनला आल्यावर महिन्याभरात असा काही बोलायला लागला, की जणू त्याचा जन्मच राणीच्या शेजारी झाला होता. दोघं एका बाकावर शिकलेले, चर्चमध्ये एका वहीतून भजनं म्हटलेले. क्लाइव्ह गिटार वाजवायचा. गाणी लिहायचा आणि गायचा तो सिरिल. मागे ड्रम आणि बास वाजवणारी दोन पोरं होती, ती सांगाल तिकडे जाणारी.

१९६७ साल होतं. पोरांनी केस वाढवले होते, आजीच्या पडद्याच्या कापडाचे शर्ट शिवले होते, आणि जो तो ढगांवर नाहीतर परग्रहांवर गाणी लिहीत होता. सिरिलने लिहिलं ते घरामागच्या कालव्यावर. कारखान्यातली फुटकी काच त्या कालव्यात टाकायचे. उन्हं आली की पाणी तळापासून रंगायचं, आणि लहानपणी सिरिलला वाटायचं की खाली दुसरं गाव आहे, तिथे माणसं उलटी चालतात आणि भट्टीत फुप्फुसं गमावून गेलेला आपला बाप तिथे अजून काच फुंकतोय. त्या गाण्याचं नाव 'काचेचा कालवा'. त्यात घंटा उलट्या वाजवलेल्या होत्या, पायपेटीचा लांबलचक सूर होता, आणि या सगळ्यामधून सिरिल गात होता तो अगदी आईशी बोलावं तसा. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. निदान स्टुडिओतल्या झाडूवाल्याच्या तरी आला होता, आणि सिरिलला तेवढं पुरे होतं.

रेकॉर्ड बाजारात येणार होती शुक्रवारी. आदल्या दिवशी, म्हणजे आज, ते गाणं पहिल्यांदा टीव्हीवर दिसणार होतं.

टीव्हीवर तेव्हा गाणं खरोखर गात नसत. टेप लावायची आणि ओठ हलवायचे. पण वादकांच्या संघटनेचा नियम असा, की जुनी टेप चालणार नाही. कार्यक्रमासाठी गाणं मुद्दाम नव्याने वाजवून घ्यायचं, आणि संघटनेचा माणूस ते बघायला येणार. नियम सगळ्यांना ठाऊक होता आणि तो कसा मोडायचा हेही ठाऊक होतं. मॅनेजर त्या माणसाला जवळच्या पबमध्ये जेवायला न्यायचा, आणि तो ढेकर देत परत येईपर्यंत जुनीच टेप नव्या डब्यात घातलेली असायची. सगळेच असं करत. म्हणून तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी क्लाइव्ह जेव्हा म्हणाला, "तू कशाला थांबतोस इथे? टेप तर बदलायचीच आहे. जा, शिंप्याकडे जाऊन कोटाचं माप देऊन ये," तेव्हा सिरिल शीळ घालत निघून गेला होता.

तोच मखमली कोट घालून तो आता झगझगीत दिव्यांखाली उभा होता. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला. उलट्या घंटा वाजल्या, पायपेटीचा सूर आला, सिरिलने ओठ उघडले.

आणि क्लाइव्हचा आवाज आला.

गाणं तेच, शब्द तेच. फक्त प्रत्येक शब्द घासूनपुसून, कडा मारून, लंडनी करून ठेवलेला. सिरिलने मान वळवून क्लाइव्हकडे पाहिलं. क्लाइव्ह गिटारच्या तारांकडे बघत होता, अगदी लक्षपूर्वक, जणू त्या पहिल्यांदाच दिसल्या होत्या.

गप्प उभं राहावं, नाहीतर चालतं व्हावं, असं सिरिलच्या मनात येऊन गेलं. पण पुढच्याच क्षणी त्याला घरची बाहेरची खोली दिसली. आईने शेजारपाजारच्या खुर्च्या मागून आणल्या असतील, सगळी गल्ली दाटीवाटीने बसली असेल, मध्ये आई, कामाचा एप्रन सोडून चांगला झगा घातलेली. त्या सगळ्यांसमोर तिचा मुलगा ठोंब्यासारखा उभा राहणार? सिरिलने ओठ हलवले. दुसऱ्या कडव्यापर्यंत ते क्लाइव्हच्या श्वासावर बरोबर बसलेसुद्धा.

बाहेरच्या बोळात मॅनेजर कार्व्हेल सिगार पेटवून उभा होता. हा माणूस कुणावर रागवत नसे. राग येण्याची वेळ तो नेहमी दुसऱ्यावर आणायचा.

"फार सुरेख दिसलास," तो म्हणाला. "उगाच तमाशा नको हं, सिरिल. गाणं तुझंच आहे, नावही तुझंच छापलंय. पण बाळा, तू गातोस ते तुमच्या मुलखाबाहेर कुणाला कळत नाही रे. चेहरा तुझा, आवाज क्लाइव्हचा. यात कुणाचं नुकसान झालं?"

"रेकॉर्डवर कोन हाय?"

कार्व्हेलने धूर सोडला. म्हणजे रेकॉर्डवरही क्लाइव्हच.

सिरिल मागून आलेल्या क्लाइव्हकडे वळला. "मापं द्यायला मला तू धाडलंस. ह्यांनी न्हाय. तू."

"मला काय आनंद झाला का?" क्लाइव्ह म्हणाला. "आम्ही नियमच पाळला, सिरिल. नव्याने वाजवायचं असतं, नव्याने वाजवलं. दहा वर्षं आपण वाट बघितली, ती काय त्या कालव्यात बुडवायची? मी नसतो गायलो तर त्यांनी बाहेरचा कुणीतरी आणला असता."

"भाईरचा चालला असता मला."

साऱ्या इंग्लंडात तो नियम कुणी प्रामाणिकपणे पाळला असेल तर त्या मंगळवारी यांनीच, आणि तोही जिवलग मित्राचा केसाने गळा कापण्यासाठी.

रविवारी सिरिल घरी गेला. आईने, म्हणजे फ्लोरी वुडॉलने, कलेजीचे गोळे आणि दाटसर वाटाणे त्याच्यापुढे ठेवले आणि समोर बसली. तिची सबंध हयात काचेच्या पेल्यांना टिचकी मारण्यात गेलेली. नादावरून तडकलेला पेला बाजूला काढायचा, हे तिचं कारखान्यातलं काम.

"गल्ली भरली व्हती," ती म्हणाली. "पार्टनबाई म्हनली, फ्लोरी, पोरगं काय देखनं दिसतंय."

"आन् गानं?"

"गानं बी आवडलं समद्यास्नी." तिने मिठाची कुपी उगाच सरकवली. "म्या सांगितलं, घसा बसलाय त्याचा."

सिरिलने काटा खाली ठेवला.

"क्लाइव्ह व्हता न्हवं त्यो?"

"हां."

"चर्चात बी असाच नाकातनं गायचा. तू मग थांबला का न्हाईस?"

"तू बघत व्हतीस, आये."

"बघत व्हते," फ्लोरी म्हणाली. "आन् ऐकत बी व्हते."

पुढे ती कधी त्याला त्यावरून बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं सिरिलला फार वेळा वाटलं.

त्याने बँड सोडला. कुणाचं काही अडलं नाही. तेव्हा रंगमंचावर तेलात कालवलेल्या रंगांचे दिवे नाचवायची पद्धत होती. सगळ्यांची तोंडं हिरवी-जांभळी होऊन वितळायची, त्यात गाणारा कोणता आणि उरलेले कोणते हे बघतोय कोण? 'काचेचा कालवा' घरोघरी पोचला. सिरिलने दुसऱ्या कंपनीकडून स्वतःच्या आवाजात एक रेकॉर्ड काढली. एका समीक्षकाने लिहिलं की हा गायक क्लाइव्ह ग्रिंडलची नक्कल करतो, आणि तीही धड जमत नाही. ते वाचून सिरिल हसला खरा, पण ते हसू काही त्याच्या घशाखाली उतरलं नाही. वर्षभराने तो गावी परतला आणि कारखान्यात पेले कागदात गुंडाळायला लागला.

गाणं मात्र सुटलं नाही. कामगारांच्या क्लबात रविवारी दुपारी, जेवणाआधी, गाण्याची बैठक असायची. बायकामाणसं नटून यायची, बिअर आणि शेंगदाणे, मध्ये तंबोल्यासारखा आकड्यांचा खेळ. सिरिल तिथे गायचा. पुढच्या टेबलावर फ्लोरी हातातली पर्स मांडीवर घेऊन बसायची. इतर गाणी लोक मान डोलावून ऐकत. 'काचेचा कालवा' आला की चुळबुळ सुरू व्हायची.

"आरं, ते नीट म्हन की," मागून कुणीतरी ओरडायचं. "रेडिओवर कसं गोड लागतंय."

गंमत बघा. ही सगळी माणसं सिरिलच्याच बोलीत हसायची, भांडायची, बिअर मागायची. पण त्या बोलीतलं गाणं त्यांना खोटं वाटत होतं. लंडनच्या लोकांनी आवाज काढून घेतला तेव्हा सिरिलला राग आला होता. आता तर रागवावं असंही कुणी समोर उरलं नव्हतं, कारण समोर सगळे आपलेच होते.

एका रविवारी क्लबचा चिटणीस हॉरेस बेट त्याला पडद्यामागे घेऊन गेला. भला माणूस, सिरिलच्या बापाचा भट्टीवरचा सोबती.

"वाईट वाटून घिऊ नगंस," तो म्हणाला. "पर टीव्हीवर आता क्लाइव्हच गाताना दिसतोय, तवा लोकं म्हनत्यात, ह्यानं दुसऱ्याचं गानं ढापलंय. आमच्या कमिटीत बी निघालं. येक तर ते रेडिओवानी म्हन, न्हायतर दुसरा गडी बघावा लागंल. तुला काय, तुझंच तर गानं हाय."

सिरिल बाहेर आला. पायपेटीवाल्याला त्याने खूण केली आणि गायला लागला. शब्द घासले, पुसले, कडा मारल्या. अवघड गेलं नाही. एका गुरुवारी दिव्यांखाली त्याचे ओठ हे सगळं आधीच शिकले होते, आता फक्त गळा त्यांच्यामागून चालला. मागची टेबलं गप्प झाली. कुणीतरी बायकोच्या खांद्यावर हात टाकला. शेवटच्या ओळीला अख्खा क्लब गात होता, आणि हॉरेस दारातून मान हलवत होता, आता कसं, अशा थाटात.

टाळ्या थांबेनात. आणखी एकदा, आणखी एकदा, असा घोष सुरू झाला. सिरिलने पुढच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे अर्धा भरलेला ग्लास होता, खुर्ची रिकामी होती.

फ्लोरी त्याला बाहेर सापडली, रस्त्याकडेच्या बुटक्या भिंतीवर बसलेली. वारं गार होतं आणि तिने कोट नुसताच अंगावर टाकला होता. आतून टाळ्या अजून ऐकू येत होत्या. तिने मान वर करून मुलाकडे पाहिलं.

"झालं का त्या क्लाइव्हचं गाऊन?" तिने विचारलं.

"झालं," सिरिल म्हणाला, आणि वाकून तिच्या कोटाचं वरचं बटण लावायला लागला.