उतारावरचे बांध

थोरली जाऊ वारून आठ महिने झाले, तरी उतारावरचे दगडी बांध वाढतच होते.

हे आधी धाकटीच्या लक्षात आलं. शेत सगळं पावसाच्या भरवशावरचं. थोरलीने हयातभर एकच धोशा लावला होता: उताराला आडवे दगड रचा, माती अडेल, पाणी मुरेल, एकाच पिकावर जीव टांगू नका, ज्वारीत तूर घ्या, मटकी घ्या, चार शेळ्या वाढवा. मोठ्या दिरांनी, तिच्याच नवऱ्याने, ते कधी मनावर घेतलं नाही. उलट नांगर सरळ जावा म्हणून तिचे बांध त्यांनी दोनदा उचकटले. तिसऱ्यांदा रचताना ती भर दुपारच्या उन्हात कोसळली, ती उठलीच नाही.

आणि आता रोज हातभर नवा बांध दिसत होता. ठेवण तिचीच, मोठा दगड खाली, फटींत बारीक चिपा. धाकटीने नवऱ्याला सांगितलं, तर त्याने विषय उडवून लावला. पण त्या बाजूला शेळ्या न्यायचं मात्र बंद केलं.

शेवटी एका दुपारी धाकटी मन घट्ट करून उतारावर गेली. लांबूनच थोरलीचं निळं फडकं दिसलं, डोक्याला गुंडाळलेलं. पावलं रेटत ती जवळ गेली, तेव्हा दीर वळले.

"भाऊजी, तुम्ही?"

"ती दाखवते, मी बसवतो," ते शांतपणे म्हणाले. "चुकलं तर पुन्हा काढायला लावते."

धाकटी खाली बसली नि चिपा निवडून देऊ लागली.

त्या वर्षी ज्वारीच्या ओळींमध्ये तूर नि मटकी पेरली. मध्येच पावसाने महिनाभर दडी मारली. ज्वारी अर्धी करपली. पण बांधामागे ओल राहिली, तूर तगली, मटकीचा पाला शेळ्यांना पुरला. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच घरातलं कुणी मजुरीसाठी गाव सोडून गेलं नाही.

दीर मात्र खंगत चालले. जेवताना शेजारी एक जागा सोडून बसायचे. एकदा धाकटीने हळूच विचारलं, जाऊबाई आता तरी खूश असतील ना?

"पिकाचं ती बोलतच नाही," ते म्हणाले. "त्या दिवशी हाताखाली का नाही आलात, एवढंच विचारते."

धाकटीने हातातला घास परत ताटात ठेवला. त्या दुपारी तीही सावलीत बसून होती.