नळाचं पितं कोण

आमच्या 'नीलधारा' सोसायटीत कुणी आजारी पडलं तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हात जोडलेलं एक चित्र येतं आणि विषय संपतो. केस गळायला लागले तर मात्र सर्वसाधारण सभा भरते. सानपाड्यात वीस वर्षं राहतेय, त्यामुळे मला याचं नवल वाटत नाही, नुसता राग येतो.

यंदा केस गळत होते चेअरमनचे. स्वानंद टिपणीस, वय बेचाळीस, ऐरोलीला कुठल्याशा कंपनीत मोठा साहेब. त्याच्या वडिलांना मी इथे राहायला यायच्या आधीपासून ओळखत होते. पस्तिशीतच त्यांच्या डोक्यावर काही उरलं नव्हतं. पण बापाला दोष देणार कसा? स्वानंदने तो पाण्यातल्या क्लोरीनला दिला आणि समस्त महिलावर्गाने माना डोलावल्या.

मी चारुलता. एकतीस वर्षं पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काढली, गेल्या वर्षी निवृत्त झाले. धरणाचं पाणी येतं, त्यात तुरटी पडते, गाळ खाली बसतो, मग वाळूतून पाणी गाळतात आणि शेवटी क्लोरीन घालतात. तो क्लोरीन काही तिथल्या तिथे जंतू मारून संपवायचा नसतो. थोडासा मुद्दाम शिल्लक ठेवतात, म्हणजे पुढे पाइपात, टाकीत, पार तुमच्या नळापर्यंत पाण्याची राखण होते. किंचित वास येतो तो त्या राखणदाराचा. हे सगळं मी सभेत समजावून सांगितलं. लोक मोबाइल बघत होते.

मग फिल्टरवाला आला. गळ्यात टाय, हातात बॅग, तोंडात साखर. त्याने टेबलावर दोन ग्लास मांडले. नळाच्या पाण्यात बाटलीतले दोन थेंब टाकले, पाणी पिवळं झालं. त्याच्या फिल्टरमधून काढलेल्या पाण्यात टाकले, पाणी होतं तसंच राहिलं. सभेत 'ई' असा आवाज झाला. सेक्रेटरी वैदेहीने तर नाकाला ओढणी लावली.

आता हे थेंब मी आयुष्यभर टाकलेत. पाणी पिवळं झालं की प्रयोगशाळेत आम्हाला हायसं वाटायचं, कारण पिवळं म्हणजे क्लोरीन आहे, पाण्याची राखण चालू आहे. पांढरं राहिलं की फोनाफोनी सुरू व्हायची. त्या माणसाने बरोबर उलटा अर्थ लावून दाखवला आणि ऑर्डर घेऊन गेला. मी उभी राहून ओरडले. स्वानंद हसून म्हणाला की काकू, तुमच्या वेळची टेक्नॉलॉजी वेगळी होती. जणू जंतूंनीही मधल्या काळात अ‍ॅप डाउनलोड केलं होतं.

आठवडाभरात जमिनीखालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीकडे जाणाऱ्या पाइपावर तो निळा डबा बसला. क्लोरीन खाणं एवढंच त्याचं काम आणि ते तो चोख करायचा. पुढे गच्चीवरची टाकी, तिच्या झाकणाला ही एवढी चीर आणि झाकणावर कबुतरांचा संसार. राखण गेलेलं पाणी दिवसभर तिथे तापायचं आणि मग नळाला यायचं.

माझा जीव अडकला होता तो कुंदनच्या घरात. कुंदन आमचा वॉचमन, धुळ्याकडचा. बायको मीना आणि सहा वर्षांची जागृती यांना घेऊन जिन्याखालच्या खोलीत राहतो. त्यांच्याकडे एक नळ आहे आणि एक कळशी. मी मीनाला सांगितलं, सकाळी पाणी सुटलं की गेटजवळच्या मीटरच्या नळावर भर, ते थेट बाहेरून येतं. तिने आठ दिवस भरलं. नवव्या दिवशी कमिटीने त्या नळाला कुलूप घातलं, कारण गेटवर कळशी बरी दिसत नाही, चाळीसारखं वाटतं. मग मी सांगितलं, उकळून प्या. सिलिंडर असेपर्यंत ती उकळायची.

जुलैत जागृतीला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. चार दिवस पोर सलाइनवर होतं. मी कुंदनच्या नळाचं पाणी बाटलीत भरून माझ्या जुन्या प्रयोगशाळेत नेलं. अहवालात विष्ठेतले जंतू निघाले. त्या दिवशी मला सोसायटीपेक्षा माझीच जास्त चीड आली. गावभराचं पाणी तपासत हिंडले आणि माझ्याच जिन्याखालचं लेकरू दवाखान्यात.

रविवारी सकाळी मी सभा बोलवायला लावली. टेबलावर दोन ग्लास मांडले, एक कुलूप उघडवून भरलेला मीटरच्या नळाचा, एक कुंदनच्या नळाचा. थेंब टाकले. मीटरचं पिवळं झालं, कुंदनचं पांढरं राहिलं. चांगलं कुठलं, असं विचारलं. अख्ख्या सभेने पांढऱ्याकडे बोट दाखवलं. स्वानंदने तर अभिमानाने मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं.

थेंब टाकलेलं पाणी प्यायचं नसतं. म्हणून मी कुंदनच्या नळाची दुसरी बाटली काढली, स्वच्छ ग्लास भरला आणि त्याच्यापुढे सरकवला.

"पी बघू."

त्याने ग्लास उचलला, उजेडात धरला, परत ठेवला. "काकू, मी नळाचं पीत नाही. आमच्याकडे आरओ आहे."

"बरं. बाकी कोण पितं नळाचं? हात वर करा."

अठ्ठेचाळीस फ्लॅट. एकही हात वर झाला नाही. सगळ्यांच्या स्वयंपाकघरात आरओ, नळाचं पाणी फक्त डोक्यावरून घ्यायला. मी विचारलं, "मग नळाचं पितं कोण?"

दाराशी कुंदन प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन उभा होता. त्याने त्या हळूच खाली ठेवल्या.

"आमी पितो, मॅडम. पोरगी काल दवाखान्यातून आली."

मी अहवाल फिरवला. तो हातोहात पुढे गेला, कुणाकडे फार वेळ थांबला नाही. मग सोसायटीने संवेदनशीलता दाखवली. एक, कुंदनच्या कन्येला लवकर आराम पडो असा ठराव झाला. दोन, टाकीची सफाई दिवाळीपूर्वी करण्याचं ठरलं. तीन, स्वानंदने आपला जुना आरओ कुंदनला देऊन टाकायचं जाहीर केलं. तो गळतो म्हणूनच त्याने नवा घेतला होता. टाळ्या वाजल्या. फिल्टर काढण्याचा विषय निघाला तेव्हा दोघीतिघी म्हणाल्या की हल्ली कंगव्यात केस कमी येतात, राहू द्या. आणि तो राहिला.

मी घरी गेले नाही. पाना घेतला, खाली गेले आणि फिल्टरला वळसा घालून जाणाऱ्या पाइपची चावी उघडली, फिल्टरची बंद केली. कुंदनला हात लावू दिला नाही, त्याची नोकरी जायची. दुसऱ्या दिवशी मात्र आम्ही दोघांनी मिळून गच्चीवरची टाकी घासली, ब्लीचिंग पावडरने धुतली आणि नवं झाकण बसवलं. कबुतरं हाकलली. तिन्हीसांजेला थेंब टाकल्यावर नळाचं पाणी पुन्हा पिवळं झालं तेव्हा मला रडू आलं. मीना घाबरली, तिला वाटलं पाणी बिघडलं.

मग मी ग्रुपवर लिहिलं की चावी मी फिरवली आहे आणि हे वॉचमनला विचारायची गरज नाही. ज्यांना ती परत फिरवायची असेल त्यांनी जरूर फिरवावी आणि नंतर महिनाभर सहकुटुंब कुंदनच्या नळाचं पाणी प्यावं. स्वानंदने मला नोटीस देण्याची भाषा केली, वैदेहीने एक रागावलेला चेहरा टाकला. हात जोडलेलं चित्र कुणीच टाकलं नाही.

दीड महिना झाला. चावीला हात लावायला अजून कुणी खाली आलेलं नाही. कुरकुर करते ती एकटी जागृती. पाण्याला वास येतो म्हणते, नाक मुरडते आणि ग्लासभर पाणी घटाघटा पिऊन पुन्हा खेळायला पळते.