चार बाय सात

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावातल्या एका घराचं तळघर समोर आणा. करडा गालिचा, कोपऱ्यात गणपतीच्या मखराचे खोके आणि टेबलाशी पेन हातात धरून बसलेले नरेंद्रआबा. समोरच्या पत्रावर त्यांना फक्त सही करायची होती, पण हात काही हलत नव्हता.

त्यांचा मुलगा सुशांत तीन वर्षांपूर्वी कामासाठी युरोपात गेला होता. तिथे एका भरधाव गाडीने त्याला उडवलं आणि तो जागीच गेला. गाडीवाला शेजारच्या देशात पळाला आणि तिथे पकडला गेला. पण तिथले न्यायाधीश त्याला परत पाठवेनात. ज्या तुरुंगात तो जाणार होता, तिथे माणसासारखं राहताच येत नाही, असं त्यांचं म्हणणं. तारखांवर तारखा पडल्या. आज सकाळी सातवी पडली.

वकीलबाई म्हणाल्या होत्या, "आहे त्या तुरुंगात पाठवा, असं कुटुंबाने लिहून द्या, कदाचित प्रकरण हलेल. नाहीतर बऱ्या तुरुंगात जागा होईपर्यंत अजून वर्ष तरी थांबा."

आबा एकोणऐंशीचे होते.

"व्हॉट डझ द कोर्ट से?" सुशांतची मुलगी इला दप्तर घेऊन जिन्यावरून खाली आली.

"त्या तुरुंगात कैद्यामागे चार फूट बाय सात फूट जागा. कॉट त्यातच. दिवसाचे बावीस तास तिथेच."

"शो मी."

"दमलोय गं मी."

"इंजिनिअर ना तुम्ही? की मखरासारखं मोजता? दोनदा मोजलंत, तरी टेबलावर बसलं नाही!"

आबांना हसू आलं. गुडघ्यावर हात ठेवून ते उठले. त्यांनी मापं घेतली, इलाने गालिच्यावर निळी टेप चिकटवली. कॉट म्हणून तिने आपली स्लीपिंग बॅग अंथरली. शेजारी जेमतेम एक पट्टी उरली. तिथे ती उभी राहिली, वळली, आणि तिचा पाय टेपबाहेर गेला.

"आबा, इथे ठेवलं तर कोर्टात तो हेच सांगत बसेल. माय लेग्ज, माय बॅक. बाबाबद्दल कोणी विचारणारच नाही."

"तुला काय विचारायचंय त्याला?"

"तो का थांबला नाही."

आबा खुर्चीत टेकले. "अजून एक वर्ष, इला. माझ्याच्याने होईल का, माहीत नाही."

इलाने घड्याळाकडे पाहिलं. शाळेची बस यायला पाच मिनिटं होती. तिने एका बाजूची टेप उचकटली, फूटभर पुढे सरकवली आणि टाचेने घट्ट दाबली. मग टेबलावरचं पत्र उचललं, कोरी बाजू वर करून आबांसमोर ठेवलं आणि पेन त्यांच्या हातात दिलं. "बऱ्या तुरुंगासाठी आम्ही थांबतो, असं लिहा, आबा."