मिशीवाल्या डॉक्टरने टोचलेली लस

आमच्या गल्लीमागच्या झाडीत कोल्ह्यांमध्ये रेबीज पसरला, तेव्हा आरोग्य खात्याने दारोदार पत्रकं वाटली. कुत्र्यामांजरांना लस टोचून घ्या, कचऱ्याचे डबे झाकून ठेवा, मेलेल्या जनावराला हात लावू नका. माझ्या थोरल्या बहिणीने ते फ्रिजला चिकटवलं आणि पुढाऱ्याचा पट्टा माझ्या हाती दिला. पुढारी म्हणजे तिचा कुत्रा. भावजी गेल्यापासून ताईचं रुसणंफुगणं सगळं त्याच्याशीच.

दवाखान्याबाहेर रांग इतकी, की शेवटच्या मांजरीला पिल्लं झाली आणि तीही रांगेत लागली. पण आम्ही परत फिरलो त्याचं खरं कारण ते नव्हे. सुई दुसऱ्याला टोचताना पाहिली तरी माझे पाय लटपटतात. आम्ही दोघं तासभर बागेत बसलो आणि घरी आलो.

"टोचली?" ताईने विचारलं.

"टोचली म्हणजे काय, चौघांनी धरला तरी आवरेना. डॉक्टरची अर्धी मिशी उपटली त्याने. डॉक्टर म्हणाला, असा मर्द कुत्रा उभ्या जन्मात पाहिला नाही."

"आणि कागद?"

"तो यानेच गिळला."

"बरं," म्हणून ताई भाजी चिरायला लागली.

दोन महिन्यांनी भर दुपारी एक कोल्हा अंगणात आला. तोंडाला फेस, चाल दारुड्याची. पुढारी त्याच्यावर धावून गेला. मी पाण्याच्या टाकीवर पोचलो होतो. कसा चढलो ते माझ्या पायांनाच ठाऊक. कोल्ह्याने पुढाऱ्याचा कान फाडला, चार पावलं टाकली आणि तिथेच कोसळला. शेजारी जमेपर्यंत मी खाली उतरलो होतो. आता लोक जमलेच आहेत म्हटल्यावर सांगितलं, की मीच कोल्ह्याला मानगुटीला धरून आपटलं.

खात्याची माणसं कोल्हा घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी अहवाल आला: रेबीज. मागोमाग जनावरांची डॉक्टर आणि खात्याचा कारकून घरी हजर. डॉक्टर बाई होती.

"लस झाली असेल तर आणखी एक डोस देऊ आणि दीड महिना घरातच नजरेखाली ठेवू," ती म्हणाली.

"आणि नसेल झाली तर?" मी विचारलं.

"तर बहुतेक कायमचं झोपवावं लागतं."

कानाला पट्टी बांधलेला पुढारी माझ्याकडे बघून शेपूट हलवत होता. आयुष्यात कधी न अडखळलेली माझी जीभ टाळ्याला चिकटली.

"ताई," मी म्हणालो, "लस टोचलीच नाही."

ताई उठली, खण उघडला आणि एक शिक्क्याचा कागद डॉक्टरपुढे ठेवला.

"दुसऱ्याच दिवशी मी याला नेलं होतं."

मी कागदावरची तारीख दोनदा वाचली. "तुला कळलं कसं?"

"मिशीवाला डॉक्टर दोन वर्षांपूर्वीच रिटायर झाला. आणि खरं बोलताना तू तीन शब्दांच्या वर जात नाहीस."

डॉक्टर बाईंनी कागद वाचून मान हलवली. तेवढ्यात कारकुनाने वही उघडली. "कोल्ह्याला हातांनी धरणारे काका तुम्हीच ना? शेजारी सांगत होते. उद्यापासून तुमची इंजेक्शनं सुरू."

"अहो, मी टाकीवर होतो."

"सगळे असंच म्हणतात. घाबरू नका, चार-पाचच असतात."

त्या दुपारी ताई स्वयंपाकघरात होती, आणि तिथल्या खिडकीतून टाकी समोरच दिसते. "ताई, तू पाहिलंस ना मला? सांग ना यांना."

ताईने पुढाऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला. "मला नाही बाबा काही दिसलं. चष्मा नव्हता."

चष्मा तिच्या नाकावरून जन्मात कधी उतरलेला नाही.