गोड्या पाण्यात दहा मिनिटं

कानपाची मासा जाळ्याला अंग घासायला लागला की समजायचं, कातडीला किडे लागलेत. किडे असतात पारदर्शक, जिवंत माशावर दिसतच नाहीत. गोड्या पाण्यात मासा बुडवला की पांढरे पडून गळतात. एवढं आमच्या खाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला मात्र त्या किड्याचं लॅटिन नावही येतं. एप्रिलपासून मी मत्स्यशाळेत जाते आणि परजीवींच्या पेपरात वर्गात पहिली आले. मागच्या वर्षीपर्यंत दुकानात सोया सॉस मागतानाही मी अडखळायचे.

ऑगस्टमध्ये आजोबांचे मासे घासायला लागले. आजोबांचं वय सत्त्याहत्तर, खाडीत माशांचा पिंजरा एकच उरलेला. मच्छीमार संघाने त्यांना बजावलं होतं, ही खेप नीट वाढली तर खाडीतली जागा आणखी तीन वर्षं तुमची, नाहीतर तरुणांना द्या.

रविवारी आम्ही तराफ्यावरची साकुराजिमा ज्वालामुखीची राख झाडली, ताडपत्रीच्या हौदात नदीचं पाणी भरलं आणि तीनशे मासे जाळ्यासकट त्यात उतरवले. आजोबा घड्याळ लावत नाहीत. हौदावर वाकून नुसते बघत राहतात.

"आजोबा, असं अंदाजपंचे नाही चालत. दहा मिनिटं. माझ्या शाळेच्या वहीत लिहिलंय."

"बरं, मास्तरीणबाई."

सहा मिनिटांत तळाशी पांढरा कोंडा साचला.

"पुरे," आजोबा म्हणाले. "कावरेबावरे झालेत. काढू या."

"अजून चार मिनिटं. थोडे जरी चिकटून राहिले तरी अंडी घालतील, मग महिन्याभरात परत हेच."

"पाणी गरम आहे, पोरी."

"तुम्हाला ना, नवीन काही शिकायलाच नको."

हे मी हसत म्हणाले. तेही हसले आणि दोरीवरचा हात त्यांनी काढून घेतला. त्यांना माझं कौतुक वाटत होतं. ते मला दिसत होतं, म्हणून तर मी आणखी ताठ उभी होते.

आठव्या मिनिटाला पहिला मासा उलटा झाला. मग भराभर बाकीचे. घाईघाईने परत समुद्रातल्या पिंजऱ्यात सोडले, तरी संध्याकाळपर्यंत बावीस उरले. वहीतली दहा मिनिटं हिवाळ्यातल्या पाण्यासाठी होती. तसं खाली बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं, मीच.

संघाच्या बैठकीत शेजारच्या पिंजऱ्याचे हामासाकीकाका आजोबांना म्हणाले, "तोकुजिरोसान, डोळे गेले की काय तुमचे?"

मी उठले. "वेळ मी धरली होती. आजोबा काढू या म्हणत होते."

"बस खाली," आजोबा मान वर न करता म्हणाले. "पोर आजोबाला वाचवायला बघतेय. मीच विसरलो, झालं."

सगळे मायेने हसले. कुणीतरी माझ्यापुढे शेंगदाण्यांची बशी सरकवली. मी पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदाही सांगितलं, अजिबात न अडखळता. जितकं स्पष्ट बोलले, तितकी त्यांना मी गुणाची नात वाटत गेले.

सप्टेंबरात हामासाकीकाकांचा जावई पिंजरा न्यायला होडी घेऊन आला; जागा आता त्याची होती. उरलेले बावीस मासे आतच होते. दोर आजोबांनी स्वतः सोडला.

"किडा एक नाही त्यांच्यावर," ते त्याला सांगत होते. "माझ्या नातीने घालवले."